आपापल्या झाडापाशी

आमच्या टॅमरॅक बेटावर नाताळ सरला म्हणून कुणी झाड फेकून देत नाही. फेकाल तर शेजारी विचारतील, आता रस्त्याला काय लावणार, तुमचं कपाळ? जानेवारीत आमचं तळं, लेक सुपीरियर, गोठून घट्ट झालं की वॉल्ट कुस्टर आपली माणसं घेऊन बर्फात भोकं पाडतो, घराघरातून झाडं गोळा करून त्यांत उभी करतो आणि बुंध्याशी बादलीभर पाणी ओततो. पाणी गोठलं की झाड पक्कं. अशी रांग बेटापासून थेट पैलतीरापर्यंत जाते आणि तिच्या कडेकडेनं आमचा हिवाळ्यातला रस्ता जातो. कुणाचं झाड कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येक घर आपल्या झाडावर एक वस्तू ठेवतं. एकलुंडांचा लाल हातमोजा, चर्चची पत्र्याची चांदणी, ट्रूडीची मोडकी गाळणी. त्या रस्त्यानं जाताना पाण्यावरून चाललोय असं वाटतच नाही. गावातूनच चाललोय असं वाटतं.

हिल्मा सुंदक्विस्टच्या झाडावर इनॅमलचा निळा कप होता. तिच्या नवऱ्याचा, आर्नेचा. आर्नेनं डिसेंबरात ते फरचं झाड स्वतः तोडून आणलं, नाताळातच त्यावर कप तारेनं बांधला आणि कपात एक चमचा असा अडकवला, की धक्का लागला की टिण टिण वाजावं. "बर्फावर वाऱ्यानं वाजेल. येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल, सुंदक्विस्टांकडे कॉफी तयार आहे," असं म्हणून स्वतःच हसला होता. नवं वर्ष लागलं आणि एका सकाळी न्याहारीला बसल्या बसल्या तो गेला. तळं तोवर गोठलंही नव्हतं. पुढे रस्ता झाला तेव्हा वॉल्टनं ते झाड कपासकट नेऊन लावलं.

मग फेब्रुवारीत बर्फाला तडा गेला. मधोमध, हात मावेल एवढा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मावेल एवढा. असं होतं. वॉल्टनं रस्ता उत्तरेकडे वळवला, नव्या वाटेला झाडं लावली आणि जुन्या वाटेवरची सगळी कापून आडवी केली. जुनी वाट सोडली की झाडं आडवी करायची, ही आमच्याकडची रीतच. उभं झाड म्हणजे वाट, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. एकच झाड राहिलं. पैलतीराकडून येताना ते वळणाच्या पुढे, तड्याच्या अलीकडे लागायचं, आणि त्यावर निळा कप होता.

वॉल्ट टोपी हातात घेऊन हिल्माच्या दारात उभा राहिला होता. "हिल्मा, तुमचं झाड तेवढं राहिलंय. करू का आडवं?"

"उद्या बघू रे," हिल्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. वॉल्ट आर्नेचा जिवलग दोस्त, त्याला पुन्हा विचारवेना. आणि हिल्मा तर गावाची अध्यक्ष, तिला सांगणार कोण? रोज सकाळी खिडकीतून तिला ते झाड दिसायचं, पांढऱ्यावर एक काळा ठिपका. ती कॉफी पिता पिता त्याच्याकडे बघायची. तेवढाच तिचा संसार उरला होता म्हणा ना.

आता त्याच दिवसांत तिकडे मॅडिसनला, आमच्या राज्याच्या राजधानीत, दोन विधेयकं आली होती. पहिलं असं, की बर्फावरचा रस्ता कधी उघडायचा, कधी बंद करायचा ते राज्याचं खातं ठरवणार, आणि झाडं म्हणजे कचरा, म्हणून त्यांच्या जागी नंबर घातलेले लोखंडी खांब लागणार. दुसरं त्याहून भारी. गावानं हिवाळ्यात आणीबाणी जाहीर केली तरी वरून शिक्का येईपर्यंत ती जाहीर झाली असं धरायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती? ज्यांनी बर्फ पाहिला तो पेल्यात, ते आम्हाला बर्फ शिकवणार!

सुनावणीच्या दिवशी हिल्मा टाउन हॉलमध्ये संगणकासमोर बसली होती. शेजारी ट्रूडी, गावाची कारकून, विणकाम घेऊन. पडद्यावर समितीतले लोक एका लांब टेबलामागे बसलेले. एक जण सँडविच खात होता. हिल्मानं आपलं बोलणं पाठ केलं होतं आणि त्यातलं शेवटचं वाक्य तिला फार आवडलं होतं. आमच्या झाडांनी आजवर कुणालाही चुकीची वाट दाखवलेली नाही. आरशासमोर तिनं ते कितीदा म्हणून पाहिलं होतं.

"हिल्मा," ट्रूडी म्हणाली, "खिडकी बघ."

खिडकीत काहीच नव्हतं. रस्ता नाही, चर्च नाही, समोरचं पोस्ट ऑफिस नाही. कुणी बाहेरून काचेला दुधाचा हात फिरवावा तसं सगळं पांढरं झालं होतं. वादळ संध्याकाळी येणार होतं. म्हणूनच पैलतीरावरच्या शाळेनं मुलांना लवकर सोडलं होतं. मुलं लवकर निघाली आणि वादळ त्यांच्याहून लवकर निघालं.

"बर्निस पोचली का?"

"तिकडून निघताना फोन आला होता तिचा. म्हणाली, सूप गरम करायला घ्या, सगळी पोरं भुकेनं वखवखलीत." ट्रूडीचा आवाज बारीक झाला. "त्याला बराच वेळ झाला."

बर्निस डेपेरी शाळेची व्हॅन चालवायची. इथल्या मूळ ओजिब्वे जमातीतले तिचे पूर्वज या राज्याचा जन्म व्हायच्या आधीपासून हा बर्फ ओलांडत आलेले. आणि त्या व्हॅनमध्ये गावातल्या सगळ्या मोठ्या मुलांबरोबर हिल्माची नात होती, लिनेया. हिल्मानं फोन लावला. तळ्याच्या मध्यावर फोन लागत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं लावला, दोनदा लावला.

मग ती उठली. पडद्यावरचे समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, आपण बसून राहा. आपल्याआधी अजून वक्ते आहेत."

"साहेब," हिल्मा म्हणाली, "आमची पोरं बर्फावर आहेत आणि बाहेर डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. मी आत्ता, तुमच्यादेखत, टॅमरॅक गावात आणीबाणी जाहीर करतेय. का तुमच्या शिक्क्यासाठी थांबू?"

सँडविचवाल्याचा घास तोंडातच राहिला. हिल्मानं उत्तराची वाट पाहिली नाही.

घंटा वाजली. आमच्याकडे आणीबाणी म्हणजे काय असतं? कागद नाही, भाषण नाही. चर्चची घंटा थांबेचना, म्हणजे बर्फावर कुणी तरी अडकलंय, आणि मग घरटी एकानं दोर घेऊन आपापल्या झाडापाशी जाऊन उभं राहायचं. पहिला माणूस दोराचं टोक काठावरच्या खांबाला बांधतो आणि पहिल्या झाडापर्यंत जातो, दुसरा तिथून आपला दोर जोडतो, तिसरा त्याच्या पुढे. प्रत्येकानं झाडाला टेकून उभं राहायचं आणि आपल्या घराचं नाव ओरडायचं. आजोबा-पणजोबांपासून हे असंच आहे. कुणी लिहून ठेवलेलं नाही.

वॉल्ट आणि हिल्मा दोर धरून निघाले. पावलाखालचा बर्फ तेवढा खरा होता, बाकी सगळं विरघळून गेलं होतं. वर खाली, आभाळ तळं, काही उरलं नव्हतं. हातातला दोर पुढे पांढऱ्यात जायचा, आणि अचानक एक झाड समोर उभं राहायचं, फरचा ओला वास आधी यायचा, मग लाल हातमोजा, मग त्याच्याखाली म्हातारा एकलुंड, भुवयांवर बर्फ साचलेला.

"एकलुंड!" तो ओरडायचा. पुढून कुठून तरी उत्तर यायचं, "चर्च!" त्याच्याही पुढून अगदी बारीक, "ओल्सन!"

"जपून जा गं, हिल्मा," एकलुंड म्हणाला. "सापडतील. आर्नेची नात आहे ती, हरवायची नाही."

हिल्माला वाटलं, आपण झोपेत आहोत आणि झोपेत गावातून चाललो आहोत. घरं नाहीत, दारं नाहीत, नुसती माणसं आपापल्या झाडाखाली उभी, आणि वारा सगळ्यांची नावं गोळा करून नेतोय. ट्रूडीचा नवरा गाळणीखाली उभा होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे तिच्या मुलाच्या घरचं झाड आलं, लिनेयाच्या जुन्या बुटाचं. तिथे तिची सून केट उभी होती. तिचा नवरा, हिल्माचा मुलगा, तिकडे पैलतीरावर कामाला; तो तिकडच्या टोकाकडून दोर घेऊन निघाला असेल, अशी आशा. केटनं तोंड उघडलं, पण तिला घराचं नाव ओरडता येईना. हिल्मा तिच्यासाठी ओरडली. "सुंदक्विस्ट!"

वळणावरच्या झाडापाशी दोर पोचला. हे बर्निसचंच झाड. त्यावर बदकाचं पीस. तिथे बर्निसची बहीण उभी होती आणि तिच्या हातात पलीकडून आलेल्या दोराचं टोक होतं. म्हणजे पैलतीरावरची माणसंही तिथवर येऊन पोचली होती. रांग पुरी झाली होती. ऐलतीरापासून पैलतीरापर्यंत प्रत्येक झाडापाशी कुणी ना कुणी उभं होतं.

आणि व्हॅन कुठेच नव्हती.

"रस्त्यावर नाहीच ती," वॉल्ट म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "असती तर कुणाला तरी धडकली असती."

हिल्मा उभी राहिली. सगळे आपापल्या झाडापाशी उभे होते आणि तिला मात्र उभं राहायला झाड नव्हतं. आपलं झाड कुठंय? हा प्रश्न मनात आला आणि तिनं जुन्या वाटेच्या दिशेला मान वळवली. रांगेत नसलेलं एकच झाड या तळ्यावर उभं होतं. पैलतीराकडून येणाऱ्याला वळणावर काही दिसेना झालं, आणि नाकासमोरच्या वाटेवर एक काळी सावली दिसली, तर तो काय करेल? उभं झाड म्हणजे वाट. तो तिकडेच जाणार. आणि त्या झाडाच्या पुढे तडा होता.

"वॉल्ट," ती म्हणाली, "माझ्या झाडामागे गेलेत ते."

वॉल्टनं तिच्याकडे पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं दोराचं टोक बर्निसच्या झाडाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि म्हणाला, "तू इथे थांब."

"थांबते कसली! अरे, माझ्या कर्मानं गेलीत ती पोरं. सोड मला."

दोघं एकाच दोरावर निघाले. आता पुढे नावं ओरडायला कुणी नव्हतं. वाऱ्यानं मागचे आवाजही पुसून टाकले. हिल्मा मनातल्या मनात आर्नेला शिव्या घालत होती, मग स्वतःला, मग पुन्हा आर्नेला. काय घाई होती तुला जायची? न्याहारीसुद्धा पुरी केली नाहीस. गेलास तर गेलास, पण तुझं एवढं एक झाड मला सोडवलं नाही, आणि आता बघ काय केलं मी. आर्ने तिच्या पुढे दोन पावलांवर चालतोय असं तिला स्पष्ट वाटलं. त्याची वाकडी चाल, डावा खांदा खाली. तो मागे वळून बघत नव्हता. तिला राग आला. "थांब की जरा!" ती मोठ्यानं म्हणाली.

"काय?" वॉल्ट ओरडला.

"काही नाही. गप्प."

आणि गप्प झाल्यावर तिला ऐकू आलं. आधी वाटलं कानच वाजतायत. मग पुन्हा. टिण. टिण टिण.

ती धावायला लागली. वॉल्टनं दोर खेचून तिला धरलं नसतं तर पडलीच असती. झाड आलं, निळा कप आला, आणि झाडाला नाक लावून उभी असलेली पिवळी व्हॅन आली. आतल्या काचांवर वाफ होती आणि वाफेवर पोरांनी बोटांनी चित्रं काढली होती.

दार उघडलं. बर्निस आपल्या जाड कोटात बसली होती. "आलीस का? मला वाटलं, अध्यक्षबाई भाषण संपवून येतील. कॉफी कुठंय? इतका वेळ तो कप नुसता वाजतोय, देत कुणी नाही."

मागच्या बाकावरून लिनेया उड्या मारत आली आणि तिच्या गळ्यात पडली. हिल्मानं तिचं डोकं, कान, नाक, सगळं हातांनी चाचपून पाहिलं.

"आजी, मी नाही रडले. ओल्सनचा बेनी रडला."

"खोटारडी!" मागून बेनी ओरडला.

बर्निसनं हिल्माला बाजूला घेतलं आणि आता तिची थट्टा संपली होती. "वळणावर सगळं दिसेनासं झालं. समोर एक झाड दिसलं, मी आपली त्याच्याकडे आले. जवळ आले तर हे टिण टिण. म्हटलं, अरे देवा, हे तर आर्नेचं. म्हणजे मी जुन्या वाटेवर आहे. जागच्या जागी ब्रेक मारला. पुढे काय आहे ते पोरांना सांगितलं नाही. गाणी म्हणत बसलो."

वॉल्ट दोर धरून दहाएक पावलं पुढे गेला आणि परत आला. तडा तिथेच होता. त्यानं रुमालानं तोंड पुसलं.

"माझ्यामुळे, बर्निस," हिल्मा म्हणाली. "हे झाड मी आडवं करू दिलं नाही."

"माहितीये मला. सगळ्या गावाला माहितीये." बर्निसनं नाक ओढलं. "आम्हीही गप्प बसलो ना? तुझ्या तोंडाकडे बघून कुणाची हिंमत होत नव्हती. चल आता, पोरं गारठलीत."

मुलांना दोराला धरून एकामागे एक रांगेत आणलं. बर्निसच्या झाडापाशी पोचल्यावर तिची बहीण ओरडली, "सापडली!" आणि तो शब्द झाडाझाडानं बेटाकडे गेला. एकलुंड म्हातारा रडला म्हणे. तो नाही म्हणतो.

हिल्मा टाउन हॉलमध्ये परत आली तेव्हा तिच्या केसांतला बर्फ वितळून मानेवर ओघळत होता. ट्रूडीनं संगणक चालूच ठेवला होता. "सगळ्यांचं बोलून झालं," ती कुजबुजली. "जातच होते ते. मी म्हटलं, आमची अध्यक्ष पोरं आणायला गेलीय, हलाल तर खबरदार."

पडद्यावर समिती बसलेली होती. सँडविच कुठेच दिसत नव्हतं.

"मुलं?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"सगळी आली. सूप पितायत." हिल्मा खुर्चीत बसली. पाठ केलेलं तिला सगळं आठवत होतं, शेवटच्या वाक्यासकट. ते वाक्य आता तोंडातून निघेना. "साहेब, मी इथे सांगायला आले होते की आमच्या झाडांनी कधी कुणाला चुकीची वाट दाखवली नाही. ते खोटं आहे. आज एका झाडानं दाखवली. ते माझं झाड होतं. माझ्या नवऱ्यानं तोडलेलं शेवटचं. आडवं करायला हवं होतं, मी केलं नाही. हे लिहून घ्या."

ट्रूडीनं डोळे मिटून घेतले. पडद्यावर कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "लोखंडी खांब असते तर हे घडलं नसतं, असं आपलं म्हणणं आहे?"

"नसतंही घडलं. खांबावर कुणाचा जीव जडत नाही." हिल्मानं ओले केस मागे सारले. "पण आज घंटा झाली तेव्हा माझं सगळं गाव आपापल्या झाडापाशी जाऊन उभं राहिलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या खांबापाशी कोण उभं राहील, साहेब? तुम्ही याल?"

विधेयकं अजून समितीतच पडून आहेत. मॅडिसनला जाग कधी येईल ते मॅडिसनच जाणे. गावसभेत मात्र पुढच्याच आठवड्यात हिल्मानं स्वतः ठराव मांडला, की वाट बदलली की जुन्या वाटेवरचं झाड अंधार पडायच्या आत आडवं व्हायलाच हवं, मग ते कुणाचंही असो. सगळ्यांनी हात वर केले आणि कुणीही तिच्याकडे बघितलं नाही.

पण ते नंतर. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं आणि तळं डोळे दिपवत होतं. हिल्मा, वॉल्ट आणि लिनेया त्या झाडापाशी गेले. वॉल्टनं करवत काढली आणि बुंध्याशी वाकला.

"दे इकडे," हिल्मा म्हणाली.

"तुला जमायचं नाही. ओला बुंधा, वर बर्फ."

"दे म्हटलं ना."

तिनं आधी कप सोडवला. तार बोटांना चिकटत होती. मग गुडघ्यांवर बसून करवत चालवली. आर्नेनं हे झाड एकदा कापलं होतं, आता ती दुसऱ्यांदा कापत होती. भुसा बर्फावर पडला आणि त्याचा वास डिसेंबरासारखा आला. मध्येच तिचा हात थांबला. वॉल्ट पुढे झाला नाही. लिनेयानं तिच्या पाठीवर आपला हातमोजा ठेवला, तसाच ठेवून दिला. करवत पुन्हा चालू झाली. झाड फारसा आवाज न करता कलंडलं.

हिल्मा ढसाढसा रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली. वॉल्टही रडला, तळ्याकडे तोंड करून.

मग तिनं थर्मासमधली कॉफी निळ्या कपात ओतली. एक घोट घेतला, वॉल्टला दिली, लिनेयालाही थोडी दिली. लिनेयानं तोंड वाकडं केलं.

"आजी," ती म्हणाली, "आता परत घंटा झाली, तर तू कुठे उभी राहणार?"

हिल्मानं नव्या वाटेवरच्या रांगेकडे पाहिलं. इथून सगळी झाडं सारखीच दिसत होती.

"तुमच्या झाडापाशी," ती शेवटी म्हणाली. "जागा आहे ना?"

"आहे की. पण कप घेऊन ये. नाहीतर आम्हाला कळणार कसं तू आलीस ते?"

हिल्मानं कप झटकला, चमचा आत टाकला आणि तो कोटाच्या खिशात ठेवला. परत जाताना पावलागणिक तो वाजत होता.